सुनेला सांगायचं नाही

माझ्या सासऱ्यांना हर्निया आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मी सोडून. आणि अख्ख्या घरात हर्नियाचं ऑपरेशन करणारी एकटी मीच. आता बोला!

सासूबाईंना ठाऊक होतं, माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं, कंपाउंडरला ठाऊक होतं. त्या बिचाऱ्याच्या तर नावावर पट्टा यायचा. जांघेत गाठ उतरते, ती दाबून धरायचा पट्टा. बाबा तो स्वतःच्या नावानं कसा मागवणार? मग कंपाउंडरच्या नावानं. औषधांच्या दुकानातला माणूस भेटेल तिथे त्याला विचारायचा, "आता कसं आहे? जड उचलत नाही ना?" आणि हा खाली मान घालून म्हणायचा, "बरं आहे." धडधाकट माणूस, पण मालकासाठी वर्षानुवर्षं हर्निया वागवला त्यानं.

बाबा म्हणजे माझे सासरे. स्वतः सर्जन. खाली आमचं छोटं हॉस्पिटल, वर घर. हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी सुरी खाली ठेवली आणि सगळा पसारा माझ्या गळ्यात घातला. खुर्ची तेवढी सोडली नाही. रोज सकाळी ओपीडीत मोठ्या खुर्चीत ते आणि शेजारच्या स्टुलावर मी. पेशंट आला की म्हणायचे, "ही आमची सून. हिला दाखवा." डॉक्टर नाही, सर्जन नाही. सून. जसं काही मी पोट कापायला नाही, आल्यागेल्याला चहा द्यायला बसलेय. आधी मी चिडायचे. मग चिडायचाही कंटाळा आला.

त्या दिवशी सकाळपासून ऑपरेशनं लागोपाठ होती. पित्ताशय झालं, मूळव्याध झाली, शेवटी एक फुटलेला अपेंडिक्स. पायांचे नुसते दगड झाले होते. दोन घास खायचे आणि आडवं व्हायचं, कुणी हाका मारून मेलं तरी उठायचं नाही, असं ठरवून मी जिना चढत होते. वरच्या पायरीवर सासूबाई उभ्या.

"हे सकाळपासून ओकतायत," त्या म्हणाल्या. "पित्त म्हणतात. मला नाही बाई पित्त वाटत."

बाबा कॉटवर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. मला बघितलं तसं त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढलं.

"कुठे दुखतंय, बाबा?"

"कुठे नाही. पित्त आहे. तू जेव जा."

"पोट बघू द्या."

"पोटात काय बघायचंय? पित्त आहे म्हटलं ना!"

मी पांघरुणाला हात लावला तर त्यांनी माझं मनगटच धरलं. मी चक्रावले. सासूबाईंकडे पाहिलं तर त्या खिडकीबाहेर बघत होत्या, जसं काही तिकडे तमाशा चालला होता. मग एकदम वळल्या.

"सांगून टाकते मी. शपथ गेली खड्ड्यात."

"अगं, गप्प—" बाबा म्हणाले.

"तुम्हीच गप्प बसा. ह्यांना हर्निया आहे गं. आजचा नाही, जुना. रोज संध्याकाळी पाय भिंतीला लावून पडतात आणि मी दाबून दाबून आत घालते. पाहुणा म्हणतो आम्ही त्याला. कालपर्यंत मुकाट्यानं जात होता. आज निम्मा गेला आणि निम्मा दारातच बसलाय. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती मला."

"मला का नाही?"

"का म्हणजे?" बाबा छताशी बोलल्यासारखे म्हणाले. "तू सून आहेस माझी."

मी कॉटच्या कडेवर बसले. हसावं की कपाळ बडवावं कळेना. रोज ओळखीचे, अनोळखी, गावभरचे बाप्ये माझ्यापुढे आडवे होतात. मी खोकायला सांगते, ते खोकतात, मी बोट लावून बघते. आणि ज्या माणसानं मला हे बोट कुठे आणि कसं लावायचं ते शिकवलं, तो माझ्यापासून लपवून पट्टा बांधून हिंडत होता.

दुसरे सर्जन शोधले. जवळचे जे होते ते परगावी गेलेले, उद्या दुपारी येणार. बाबांना तेच हवं होतं. "उद्या चालेल," म्हणाले. नवऱ्याला फोन केला, तो कामासाठी बाहेरगावी होता. म्हणाला, "बाबा काय म्हणतात? ते म्हणतील तसं कर." लग्न झाल्यापासून हे एकच वाक्य ऐकतेय. मी फोन आपटला.

शेवटी तोड निघाली. आमचे भूल देणारे डॉक्टर खाली आवराआवर करत होते. पेशंटला झोपवताना ते इतकं हळू, इतकं मऊ बोलतात की सगळे त्यांना अंगाई म्हणतात. गाठ त्यांनी बघायची आणि मी दाराबाहेर थांबायचं, असं ठरलं. थांबले. स्वतःच्याच घरात, बंद दाराबाहेर, शाळेत अंगठे धरायला लावलेल्या मुलीसारखी.

अंगाई बाहेर आले. "गाठ आहे. आत जात नाही. पण मऊ आहे. दाबली तरी फार दुखत नाही त्यांना."

आतून बाबांचा आवाज आला, "ऐकलंस? मऊ आहे. आतडं आवळलं गेलं असतं तर गाठ दगडासारखी झाली असती, हात लावू दिला नसता मी. अपचन झालंय, त्यात ही थोडी फुगलीय. उद्या बघू!"

खरं सांगते, त्या क्षणी मला ते पटवून घ्यायचं होतं. पुस्तकात तसंच आहे, त्यांनीही मला तसंच शिकवलं होतं. समोरच्या खोलीत माझा पलंग दिसत होता. उशी दिसत होती. उद्या म्हणजे उद्या, दुसऱ्या कुणाच्या तरी हातात. किती सोपं होतं.

"आणि पोट?" मी अंगाईंना विचारलं.

"ते मात्र मला आवडलं नाही. बेंबीखाली हात ठेवला की दचकतात. आणि नाडी फार पळतेय."

हेच बसत नव्हतं. गाठ खाली आणि दुखणं वर. आतडं जांघेत अडकलं असेल तर बोंब जांघेनं मारायला हवी, पोटानं नाही. असं का ते मला तेव्हा कळलं नाही. पण एकदा हे डोक्यात शिरल्यावर उशीकडे बघवेना.

मी आत गेले. "बाबा, हात फक्त पोटावर ठेवते. खाली बघणार नाही." त्यांनी डोळे मिटून घेतले. बेंबीखाली पोट फळीसारखं झालं होतं.

"आत्ता ऑपरेशन करायचं," मी म्हणाले. "उद्या नाही. उद्यापर्यंत काय होईल मला सांगता येत नाही."

"सुनेसमोर उघडा पडणार नाही मी. मेलो तरी बेहत्तर."

"मग मराच!" हे मी म्हणाले. खरंच म्हणाले. सासूबाईंसमोर, अंगाईंसमोर. "मरा आणि लोकांना काय सांगू मी? घरात सर्जन होती, पण सासरे लाजले? मी दमलेय बाबा. मला तुमची जांघ बघायची हौस नाही. मला झोपायचंय. पण तुम्ही गेलात तर मला जन्मात झोप लागणार नाही, कळतंय का तुम्हाला?"

सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बाबांना म्हणाल्या, "जन्मभर बायाबापड्यांना सांगत आलात, डॉक्टरसमोर लाज कसली. आता स्वतःवर आलं तर पायजम्याची नाडी सुटेना होय?"

बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मग तसेच म्हणाले, "पूर्ण झोपवायचं नाही मला. कमरेखालचीच भूल. मी जागा राहणार."

"राहा," मी म्हणाले. "तेवढंच राहिलं होतं."

ऑपरेशनच्या टेबलावर त्यांच्या छातीपाशी हिरवा पडदा लावला. पडद्यापलीकडे ते आणि अंगाई, अलीकडे मी आणि सिस्टर. बाबांच्या नाकात नळी होती, त्यामुळे आवाज गेंगाणा येत होता. पण थांबत नव्हता.

"पडदा उंच लावा, सिस्टर."

"लावलाय, सर."

"चीर मोठी घेऊ नकोस गं. तुला सवय आहे मोठी घ्यायची."

मी सुरी हातात घेतली. जांघ ही जांघच असते. त्वचा कापली की खाली सगळी माणसं सारखी, सासरे काय आणि कोण काय. एवढं मात्र मनात येऊन गेलं की ह्याच टेबलावर, ह्याच माणसानं माझ्या हातातली कात्री फिरवून सरळ धरायला शिकवलं होतं.

गाठीची पिशवी उघडली. आत किंचित लालसर पाणी निघालं. आणि आतड्याची दोन वेटोळी, शेजारीशेजारी.

"रंग?" पलीकडून प्रश्न आला.

"गुलाबी."

"हलतंय?"

"हलतंय. चकाकतंय."

"बघ! सांगत नव्हतो?" त्यांच्या आवाजात जीव आला. "टाक आत, शीव आणि मोकळी हो." मग जरा थांबून, हळूच म्हणाले, "दमली आहेस. मघापासून एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकतेस. ऐकू येतं मला."

इतक्या वर्षांत माझे पाय दुखत असतील हे त्या माणसाला पहिल्यांदा सुचलं होतं, आणि तेही नेमकं आत्ता. माझे डोळे भरून आले. आतडं गुलाबी होतं, जिवंत होतं. आत ढकलायचं, भोक शिवायचं, संपलं. भुलेनं स्नायू सैल पडले होते, त्यामुळे दोन्ही वेटोळी आपणहूनच आत सरकायला लागली होती. मला काही करायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं सोडून द्यायचं.

पण मग बेंबीखाली फळी कशाची?

"सिस्टर, धरा. सुटू देऊ नका," मी म्हणाले आणि भोकात बोट घातलं. एक वेटोळं खाली उतरलं की भोकात आतड्याच्या दोन नळ्या लागतात, एक उतरणारी आणि एक परत चढणारी. इथे दोन वेटोळी, म्हणून नळ्या चार. चारही बोटाला लागल्या. म्हणजे ह्या दोघांना जोडणारं मधलं वेटोळं कुठे होतं? खाली उतरलंच नव्हतं. ते वर होतं, पोटात. आणि भोकानं गळा आवळला होता तो त्याचा. खालचे दोघं सुखरूप, लोकांना दाखवायला. मधला वर गुदमरतोय, जिथे कुणी बघायला जात नाही. म्हणून गाठ मऊ होती. म्हणून दुखणं वर होतं.

"झालं का?" बाबा म्हणाले. "अगं, इतका वेळ काय करतेस? आत टाक म्हटलं ना. माझं ऐक—"

"बाबा, गप्प बसा."

लग्न होऊन आले त्या दिवसापासून हे वाक्य मी गिळत आले होते. सिस्टरनं डोळे मोठे केले.

मी भोक मोठं केलं आणि हलक्या हातानं आतडं बाहेर ओढलं. गुलाबी आलं, अजून गुलाबी आलं, आणि मग एकदम काळं. जांभळंकाळं, फुगलेलं, निर्जीव. त्याच्याबरोबर तो वास आला. तो वास एकदा आला की सर्जनला काही सांगावं लागत नाही. आणि पलीकडे सर्जनच होता.



"मधलं?" बाबांनी विचारलं.

"मधलं."

"मायडलचा हर्निया," ते म्हणाले. "परीक्षेसाठी वाचला होता. बघितला नाही कधी." आणि मग वेगळ्याच आवाजात म्हणाले, "गरम पाण्याची पट्टी ठेव. ऑक्सिजन वाढवा. थांब जरा, रंग येईल. येतो कधीकधी."

हा सर्जन बोलत नव्हता. हा पेशंट बोलत होता. मी पट्टी ठेवली, आम्ही सगळे थांबलो. मी पट्टी उचलली.

"आला?"

"नाही, बाबा. काढावं लागेल तेवढं. पोट उघडायला हवं, म्हणजे पूर्ण झोपवायला हवं तुम्हाला."

मी पडद्याच्या कडेनं वाकून पाहिलं. नाकात नळी, डोळ्यांत पाणी, केस विस्कटलेले. इतका म्हातारा माणूस मी घरात कधी पाहिला नव्हता.

"मी असतो ना तुझ्या जागी," ते म्हणाले, "तर ती दोन आत टाकून शिवून मोकळा झालो असतो."

"माहीत आहे," मी म्हणाले. "म्हणून तर गप्प बसा म्हटलं."

त्यांनी अंगाईंकडे बघून मान हलवली. अंगाई त्यांच्या कानाशी वाकले आणि त्या मऊ आवाजात म्हणाले, "झोपा हं आता. आम्ही आहोत सगळे."

काळं आतडं काढलं, दोन्ही टोकं जोडली, जांघेतलं भोक नुसतं टाक्यांनी शिवलं. एरवी आधाराला जाळी बसवतात, पण अशा घाण झालेल्या जागी नाही. हे सगळं हातांनी केलं. माझं मन कुठेतरी बाहेर जाऊन बसलं होतं.

पण आतडं जोडून काम संपत नाही. जोड धरला की नाही हे वरून दिसत नाही. पोटाचा वारा सरला की समजायचं, आतडं चालू झालं, वाट मोकळी झाली. नाही सरला आणि जोड सुटला, तर पोटात पू, पुन्हा टेबल. त्या वयात दुसऱ्यांदा टेबलावर गेलेला माणूस परत आणणं माझ्या हातात नव्हतं. एवढ्या मोठ्या सर्जनचा जीव त्या एका वाऱ्यावर अडला होता.

बाबांना ओपीडीला लागून असलेल्या खोलीत ठेवलं. मी सकाळी विचारायचे, दुपारी विचारायचे, "वारा सरला का?" ते तोंड फिरवायचे. सूनबाईशी असलं बोलणं! मग मी सासूबाईंना विचारायचे, त्या आत जाऊन कानात विचारायच्या आणि बाहेर येऊन मान हलवायच्या. नाही. पोट फुगत चाललं होतं. नाकातल्या नळीतून हिरवं पाणी येत होतं. स्टेथोस्कोप लावून पोट ऐकलं तर आत सामसूम. नवरा आला होता. तो नुसता दारात उभा राहायचा आणि मी काही सांगेन म्हणून माझ्या तोंडाकडे बघायचा. मला कुणाला काही सांगायचं त्राण नव्हतं. मी खुर्चीतच झोपायचे आणि मान अवघडून उठायचे.

एका सकाळी बाबांना ताप आला. थोडाच होता, पण जोड सुटल्याची ती पहिली खूण असू शकते. मी खोलीचं दार लावून घेतलं.

"बाबा, खरं सांगा. वारा सरून तुम्ही लाजेनं लपवत तर नाही ना? गाठ लपवलीत, त्याचं काय झालं बघितलंत. आता हेही लपवलंत तर मी काय करू? पुन्हा उघडायचं की नाही हे मी कशावरून ठरवायचं? मी काय ज्योतिषी आहे?" मी खुर्ची ओढून जवळ बसले. "मला भीती वाटते," मी म्हणाले. "तुम्ही जाल अशी भीती वाटते मला."

त्यांनी नुसती मान हलवली. लपवत नव्हते. म्हणजे खरंच काही नव्हतं.

मी तोंड धुतलं आणि ओपीडीत जाऊन बसले. स्टुलावरच. मोठी खुर्ची रिकामी होती, पण तिच्यात बसवेना. पेशंट आले, गेले. सगळे विचारायचे, "मोठे डॉक्टर कसे आहेत?" मी म्हणायचे, "बरे आहेत." खोटं बोलून बोलून जीभ जड झाली होती. पुढच्या दोन तासांत काही झालं नाही तर पुन्हा पोट उघडायचं, हे मी मनात नक्की केलं होतं. अंगाईंना फोनही करून ठेवला होता. समोर एक आजी बसून गुडघ्याचं गाऱ्हाणं सांगत होत्या. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून आवाज आला. "डॉक्टर!"

मला वाटलं अंगाई आले असतील, त्यांनाच हाक मारतायत. मी दाराकडे पाहिलं. दारात औषधाची बाटली घेऊन कंपाउंडर उभा होता. दुसरं कुणी नव्हतं.

"अगं डॉक्टर!" बाबांचा तोच जुना, सगळ्या हॉस्पिटलला दटावणारा आवाज, नळीमुळे गेंगाणा, पण खणखणीत. "ऐकतेस का? वारा सरला!"

बाकांवरचे सगळे पेशंट आवाजाकडे वळले. कंपाउंडरच्या हातातली बाटली पडता पडता राहिली. आतून सासूबाईंचं हसू ऐकू आलं. की रडू, देव जाणे.

"ओरडू नका!" मी तिथूनच ओरडले. "टाके आहेत पोटावर!" आणि मग मला एकदम हुंदकाच फुटला. मी टेबलावर डोकं टेकलं आणि भर ओपीडीत, सगळ्यांसमोर, लहान पोरीसारखी रडले.

समोरच्या आजी घाबरल्या. "काय झालं हो? कोण ओरडतंय ते?"

मी डोळे पुसले.

"माझे पेशंट आहेत," मी म्हणाले. "हर्नियाचे."